आर्तुसींचे पाकपुस्तक : भाषा, घर आणि परंपरा

इटलीच्या घरगुती स्वयंपाकाविषयी बोलताना दोन विशेषणे हमखास वापरली जातात : साधा आणि पारंपरिक. चार जिन्नस, थोडे ऑलिव्ह तेल, ताजा भाजीपाला आणि पिढ्यान्‌पिढ्या आजीकडून नातीकडे आलेले हात, असे हे चित्र असते. १० डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटलीच्या पाकसंस्कृतीची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली, तेव्हाही याच चित्राला जागतिक मान्यता मिळाल्यासारखे वाटले. त्याच बैठकीत आपल्या दिवाळीचाही त्या यादीत समावेश झाल्याने आपल्याकडे ती बातमी सहज वाचली गेली.

हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. आजी नातीला शिकवते ते तिच्या गावाचे, तिच्या बोलीतले आणि तिच्या ऐपतीचे असते. त्याला ‘इटलीचा’ स्वयंपाक म्हणायचे, तर गावोगावच्या आज्यांना एकमेकींचे बोलणे आधी समजायला हवे. ते समजावे अशी सोय एका पुस्तकाने केली. ते पुस्तक १८९१ साली फ्लोरेन्स येथे लेखकाच्या स्वतःच्या खर्चाने छापले गेले. लेखक पेल्लेग्रीनो आर्तुसी हा सत्तरी ओलांडलेला, अविवाहित, निवृत्त रेशीम-व्यापारी होता. आणि साहित्याच्या अभ्यासकांना विशेष वाटावे असे, की तो एक अयशस्वी समीक्षकही होता.

आर्तुसींचा जन्म ४ ऑगस्ट १८२० रोजी रोमान्या प्रांतातील फोर्लिम्पोपोली या लहानशा गावी झाला. हा प्रदेश त्या वेळी पोपच्या राज्यात मोडत असे. वडील किराणा आणि मसाल्याचे व्यापारी होते, घर सुखवस्तू होते. २५ जानेवारी १८५१ च्या रात्री स्तेफानो पेल्लोनी ऊर्फ ‘पास्सातोरे’ या दरोडेखोराच्या टोळीने गावातील नाट्यगृहाचा ताबा घेतला. खेळ पाहायला आलेल्या धनिकांना तेथेच अडकवून ठेवले आणि त्यांची घरे एकामागून एक लुटली. आर्तुसींचे घर त्यांतलेच एक होते. पेल्लेग्रीनोंची बहीण जेर्त्रूदे हिच्यावर त्या रात्री अत्याचार झाला. तिच्या मनाचा तोल कायमचा ढळला आणि पुढे तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात करावी लागली. कुटुंबाने गाव सोडले आणि फ्लोरेन्स गाठले.

पास्सातोरे त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात शिपायांच्या गोळीला बळी पडला. पण लोककथांत तो श्रीमंतांना लुटणारा उमदा वीर म्हणून जिवंत राहिला. रोमान्याचेच थोर कवी जोव्हान्नी पास्कोली यांनी आपल्या कवितेत त्याला सौजन्यशील म्हणून गौरवले. दरोडेखोराच्या वाट्याला कविता आली. जेर्त्रूदेच्या वाट्याला काहीच आले नाही. तिच्या भावाने चाळीस वर्षांनी जे पुस्तक लिहिले ते तिच्याविषयी नाही. परंतु उंबरठ्याच्या आतले जग सुरक्षित, नेटके आणि प्रसन्न असावे, ही आस त्याच्या पानापानांत आहे. तिचे मूळ त्या एका रात्रीत शोधणे कदाचित धाडसाचे ठरेल. तथापि ती रात्र विसरून हे पुस्तक वाचणे मला तरी जमत नाही.

फ्लोरेन्समध्ये व्यापारात जम बसल्यावर पन्नाशीच्या सुमारास आर्तुसींनी त्यातून अंग काढून घेतले आणि ते साहित्याकडे वळले. १८७८ मध्ये त्यांनी कवी ऊगो फोस्कोलो यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर जुझेप्पे जुस्ती यांच्या पत्रांवरील टिपणांचे पुस्तक काढले. दोन्हींकडे वाचकांनी पाठ फिरवली. पुढे या माणसाला कीर्ती मिळाली ती रश्श्याच्या आणि पिठाच्या वर्णनांनी. परंतु त्या वर्णनांतली भाषा जुस्तींच्या पत्रांवर शब्दशः काम करून कमावलेली होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. जुस्ती हे बोलत्या तोस्कानी भाषेचे जाणकार मानले जात. आर्तुसींची समीक्षा वाया गेली असे म्हणणे त्यामुळे बरोबर नाही. तिने फक्त विषय बदलला.

त्या काळच्या इटलीत भाषेचा प्रश्न किती तीव्र होता, याची थोडी कल्पना असल्याशिवाय या पुस्तकाचे महत्त्व ध्यानात येत नाही. १८६१ मध्ये इटलीचे राज्य एक झाले. पण त्या वेळी रोजच्या व्यवहारात इटालियन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण, तुल्लियो दे माउरो यांच्या १९६३ च्या ग्रंथातील अंदाजानुसार, शेकडा अडीचच्या आसपास होते. नंतरच्या अभ्यासकांनी ते वाढवून दहापर्यंत नेले. कोणताही आकडा घेतला तरी अर्थ एकच निघतो : बहुसंख्य जनता आपापल्या बोलीत जगत होती आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते. अलेस्सांद्रो मान्झोनी यांनी आपली ‘वाग्दत्त वधूवर’ ही कादंबरी सुशिक्षित फ्लोरेन्सवासीयांच्या बोलीनुसार पुन्हा लिहून १८४० ते १८४२ या काळात प्रसिद्ध केली. १८६८ मध्ये शिक्षणमंत्र्यांना सादर केलेल्या अहवालात हीच बोली राष्ट्राची भाषा व्हावी असे त्यांनी सुचवले. पुढे ही कादंबरी शाळाशाळांतून शिकवली गेली. पण जी गृहिणी शाळेत फार काळ गेलीच नाही, तिच्यापर्यंत ही भाषा कशी पोहोचणार?

स्वयंपाकाच्या पुस्तकांची अवस्था तर आणखी बिकट होती. प्रतिष्ठित पाकशास्त्र फ्रेंच होते. राजघराण्याच्या भोजनपत्रिकाही फ्रेंचमध्ये निघत. व्यावसायिक आचाऱ्यांची पुस्तके मोडक्या फ्रेंच शब्दांनी भरलेली असत. आर्तुसींनी ‘स्वयंपाकातील शास्त्र आणि उत्तम जेवणाची कला’ असे दुपदरी नाव देऊन जे पुस्तक लिहिले, त्यात ही परिभाषा जाणीवपूर्वक टाळली. फ्रेंच ‘बेशामेल’ तेथे ‘बाल्सामेल्ला’ होते. तोस्कानाबाहेरच्या वाचकांना अडतील अशा शब्दांचा छोटासा कोश आरंभी दिलेला आहे. प्रस्तावनेतील आश्वासनही मोलाचे आहे : उत्तम रांधण्यासाठी डोक्यावर पातेले घेऊन जन्माला यावे लागत नाही, आवड हवी, लक्ष हवे, नेमकेपणाची सवय हवी आणि जिन्नस चांगले निवडावेत. यातला प्रत्येक गुण घरात बाळगता येण्यासारखा आहे.

त्यांची ‘स्पागेत्ती अल्ला रुस्तिका’ म्हणजे गावरान स्पागेत्ती पाहू. लसणीच्या दोन पाकळ्या, चिमूटभर पार्स्ली आणि वास आवडत असल्यास बेसिलची चार पाने एकत्र बारीक चिरून ऑलिव्ह तेलात टाकायची. लसणीचा रंग पालटू लागताच सहा-सात टोमॅटोंच्या फोडी घालायच्या. मीठ, मिरपूड टाकून चांगले शिजू द्यायचे आणि मग गाळून घ्यायचे. हा रस चार-पाच माणसांना पुरतो. पुष्कळ पाण्यात बेताची उकडलेली स्पागेत्ती त्यात मिसळून, किसलेले पार्मेझान चीज घालून लगेच पानात वाढायची. ती ओल शोषून मऊ पडता कामा नये, किंचित कणखर राहिली पाहिजे. कृती एवढीच. पण तिच्याआधी आर्तुसी वाचकाला लसणीचा इतिहास ऐकवतात : प्राचीन रोमन लोक लसूण हलक्या लोकांसाठी सोडून देत, कास्तीलचा राजा आल्फोन्सो लसणीचा वास घेऊन दरबारी येणाऱ्याला शिक्षा करी, आणि त्यांच्याहून शहाणे प्राचीन इजिप्ती लोक तिला देवत्व देत. लसूण हा खेडूताचा वास आहे, हे फ्लोरेन्सच्या मध्यमवर्गीय वाचकाच्या मनात आधीच आहे. आर्तुसी त्याच्याशी वाद घालत नाहीत. ते राजा, रोमन आणि इजिप्ती यांना एका ओळीत उभे करतात, वाचकाला हसवतात आणि लसूण त्याच्या घरात आणून सोडतात. साधेपणा येथे आपोआप आलेला नाही. ‘हलके’ म्हणून ठरलेल्या पदार्थाला सभ्य घरात जागा करून देण्यासाठी लेखणीला काम करावे लागले आहे.

वांग्याची गोष्ट याहून गंभीर आहे. चाळीस वर्षांपूर्वी फ्लोरेन्सच्या बाजारात वांगी आणि बडीशेपेचे गड्डे क्वचितच दिसत, कारण ते ज्यूंचे अन्न म्हणून हीन मानले जाई, असे आर्तुसी नोंदवतात. आणि चांगले काय ते ओळखण्यात ज्यूंचे नाक ख्रिस्ती लोकांपेक्षा नेहमीच तिखट होते, असा शेरा मारून पुढे जातात. शेऱ्यात थट्टा आहे, पण तिचा रोख स्वधर्मीयांच्या पूर्वग्रहावर आहे. आज ‘पारंपरिक इटालियन’ म्हणून मिरवणारी भाजी एका अल्पसंख्य समाजाच्या चुलीवरून आली, याची ही समकालीन साक्ष पाककृतीच्या पहिल्याच परिच्छेदात सापडते.

त्यांच्या गद्याची आणखी दोन उदाहरणे द्यायला हवीत. टोमॅटोच्या सॉसची कृती रोमान्यातल्या एका पाद्र्याच्या कथेने सुरू होते. हे गृहस्थ घरोघरीच्या भानगडींत नाक खुपसत. म्हणून गावाने त्यांचे नाव ‘दोन पोमोदोरो’ म्हणजे ‘टोमॅटोबुवा’ ठेवले, कारण टोमॅटोही सगळ्यांतच शिरतो. दुसरी कथा मिनेस्त्रोने या भाज्यांच्या दाट सुपाची. १८५५ साली आर्तुसी लिव्होर्नोला गेले होते. कॉलरा दबा धरून होता. खाणावळीत त्यांनी मिनेस्त्रोने खाल्ले आणि दोमेनिची नावाच्या गृहस्थाकडे खोली घेऊन मुक्काम केला. रात्री पोटात भयंकर उलथापालथ झाली आणि त्यांनी सारा दोष मिनेस्त्रोनेला दिला. दुसऱ्या दिवशी फ्लोरेन्सला परतताच बरे वाटले. मागाहून बातमी आली, की लिव्होर्नोत कॉलरा फुटला आणि त्याचा पहिला बळी तो घरमालक दोमेनिचीच होता. एवढे सांगून ते शांतपणे मिनेस्त्रोनेची कृती देतात. मृत्यू आणि भाजी चिरणे यांच्यामध्ये एकही उपदेशाचे वाक्य येत नाही. हा संयम ललितगद्याचा आहे.

भाषेविषयीची त्यांची भूमिका मात्र त्यांनी उघडपणे मांडली आहे, आणि तीही माशांच्या कालवणाच्या निमित्ताने. तोस्कानाच्या किनाऱ्यावर ज्याला ‘काच्चुक्को’ म्हणतात, त्याला आड्रियाटिक किनाऱ्यावर ‘ब्रोदेत्तो’ म्हणतात. फ्लोरेन्समध्ये मात्र ‘ब्रोदेत्तो’ म्हटले की अंडे आणि लिंबू घातलेले पावाचे सूप पुढे येते. नावांचा हा घोळ बायबलातल्या बाबेलची आठवण करून देतो, असे ते म्हणतात. देश एक झाल्यावर बोलती भाषाही एक व्हावी हे ओघानेच येते. पण त्याची फिकीर थोड्यांना आहे आणि पोकळ अभिमानापोटी किंवा बोलीच्या सवयीपोटी विरोध करणारे पुष्कळ आहेत, अशी त्यांची खंत आहे. हा विचार मान्झोनींच्या पंथाचा आहे. मात्र त्याचे व्यासपीठ मंत्र्याकडे जाणारा अहवाल नसून चुलीवरचे भांडे आहे. समीक्षक पिएरो काम्पोरेसी यांनी १९७० मध्ये या पुस्तकाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. राष्ट्राच्या एकीकरणासाठी मान्झोनींच्या कादंबरीपेक्षा आर्तुसींच्या पुस्तकाने अधिक केले, असे विधान त्यांनी तिच्या प्रस्तावनेत केले. त्यानंतर इटलीतील वाङ्मयेतिहासकारांना हे पुस्तक टाळता आले नाही.

आरंभी मात्र सर्वांनी ते टाळलेच होते. प्रकाशकांनी नकार दिल्यावर साल्वातोरे लांदी यांच्या छापखान्यातून पहिल्या आवृत्तीच्या एक हजार प्रती निघाल्या. त्या खपायला चार वर्षे लागली. आपल्या गावच्या धर्मादाय सोडतीसाठी आर्तुसींनी दोन प्रती पाठवल्या. ज्यांना त्या लागल्या त्यांनी थट्टा करत त्या तंबाखूवाल्याला विकून टाकल्या, ही हकीकत त्यांनीच पुढच्या एका प्रस्तावनेत सांगितली असून आपल्या पुस्तकाची तुलना सिंड्रेलाशी केली आहे. पुढे मात्र चित्र पालटले. मागणीची पत्रे फ्लोरेन्समधील आद्झेलिओ चौकातल्या त्यांच्या घरी येऊ लागली. वाचक शंका विचारत, चुका दाखवत, आपल्या घरची कृती कळवत. त्या कृती घरच्या चुलीवर करून पाहून आर्तुसी पुढच्या आवृत्तीत घालत. ४७५ कृतींचे पुस्तक असे वाढत वाढत अखेरीस ७९० कृतींचे झाले. ‘परंपरा’ म्हणून आज जिची ओळख आहे, तिचा मोठा भाग असा टपालाने जमा झालेला आहे.

त्या चुलीपाशी आर्तुसी एकटे नव्हते. आचारी फ्रान्चेस्को रुफ्फिल्ली आणि घर सांभाळणारी तोस्कानी स्त्री मारिएत्ता साबातीनी यांच्या हातांनी बहुतेक कृती सिद्ध झाल्या. मारिएत्ताकडून शिकलेल्या गोड पावाला आर्तुसींनी तिचेच नाव दिले आणि ती इतकी चांगली व प्रामाणिक बाई आहे की तिचा हा मान योग्यच आहे, असे नोंदवले. बोलोन्यातील एका तरुणीचे श्रेयही त्यांनी तिच्या टोपणनावाने दिले आहे. परंतु असंख्य पत्रलेखिकांची नावे पुस्तकात नाहीत. स्त्रियांचे ज्ञान पुरुषाच्या सहीने ग्रंथ झाले, हा आक्षेप येथे लागू होतोच. मात्र एक गोष्ट आर्तुसींच्या बाजूने सांगायला हवी : ३० मार्च १९११ रोजी ते वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रानुसार पुस्तकाच्या उत्पन्नाचा हक्क मारिएत्ता आणि फ्रान्चेस्को यांना मिळाला. ज्या गावाने पुस्तकाच्या प्रती तंबाखूवाल्याला विकल्या, त्या गावाला त्यांनी आपली मालमत्ता लोकोपयोगासाठी दिली. २००७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे घरगुती पाककलेचे केंद्र सुरू झाले.

आता या पुस्तकातल्या गैरहजेरीकडे वळू. त्याचा नकाशा रोमान्या, बोलोन्या आणि तोस्काना यांच्याभोवती फिरतो. नेपल्सच्या मॅकॅरोनीच्या कृती आहेत, सिसिलीचीही हजेरी आहे. परंतु दक्षिणेचे मोठे प्रदेश जवळजवळ मुके आहेत. ‘नापोली पद्धतीचा पित्झा’ या नावाखाली जी कृती आहे ती रिकोत्ता चीज आणि बदाम घातलेल्या गोड पदार्थाची आहे! बोलोन्याच्या मॅकॅरोनीत १५० ग्रॅम वासराचे मांस, ५० ग्रॅम खारवलेले डुकराचे मांस, ४० ग्रॅम लोणी, कांदा, गाजर, सेलरी आणि रस्सा आहे, टोमॅटो नाही. आज जगभर जे ‘अस्सल’ मानले जाते ते आर्तुसींच्या टेबलावर या रूपात नव्हते. कार्बोनारा स्पागेत्तीचा तर दुसऱ्या महायुद्धापूर्वी मागमूस नाही. इटलीतील तिची पहिली छापील कृती १९५४ ची आहे.

त्याहून मोठी गैरहजेरी भुकेची आहे. ज्या वर्षांत हे पुस्तक लिहिले जात होते त्याच वर्षांत उत्तर इटलीतील शेतमजूर मक्याच्या पोलेंतावर, म्हणजे घट्ट घाट्यावर, जगत होते आणि केवळ मका खाल्ल्याने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने त्वचा सोलवटून, भ्रमिष्ट होऊन मरत होते. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे इटली सोडून गेली. त्यांतील पुष्कळांना रोज पांढरा पाव आणि मांस प्रथम मिळाले ते अमेरिकेत. आर्तुसींचा ‘साधा’ स्वयंपाक लोणी, मांस आणि मोकळा वेळ असलेल्या घरांचा साधेपणा होता. गरिबाच्या ताटातला साधेपणा निवडलेला नव्हता. आज दोन्हींना एकच विशेषण लावले जाते तेव्हा त्या दुसऱ्या ताटाचा इतिहास पुसला जातो.

म्हणून काही अभ्यासक म्हणतात तसे ही परंपरा ‘बनावट’ ठरते का? मला तसे वाटत नाही. भाषेच्या अभ्यासकाला हा पेच परिचयाचा आहे. प्रमाणभाषाही घडवलेली असते. काही बोलींना आत घेऊन, काहींना दाराशी ठेवून ती उभी राहते, आणि तरीही कालांतराने लोक तिच्यात हसतात, रडतात, पत्रे लिहितात. आर्तुसींच्या स्वयंपाकाचे तसेच झाले. घडवलेली परंपरा खोटी नसते. मात्र ती कोणी आणि कोणाला वगळून घडवली हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये.

हा प्रश्न मराठीला परका नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे; आणि वाटी-चमच्याच्या मापाने नवशिक्या मुलींना धीर देणारे कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० चे, म्हणजे काम्पोरेसींच्या आवृत्तीच्याच सालचे. आपल्याकडेही एका भागातले पिठले दुसऱ्या भागात बेसन होते, आणि ‘कोरड्यास’ हा शब्द ऐकून शहरातला विद्यार्थी गोंधळतो. यांतले कोणते शब्द छापील पुस्तकांत आले, कोणते चुलीपाशीच राहिले, कोणत्या जातींच्या आणि प्रदेशांच्या ताटांना ‘महाराष्ट्रीय’ हे नाव मिळाले, याचा शोध घ्यायला आपल्याजवळ साधने आहेत. पण आपल्या गद्याच्या इतिहासात बखर येते, निबंध येतो, वृत्तपत्र येते; पाकपुस्तक येत नाही. ते गृहविज्ञानाच्या कपाटात जाते.

गद्याचा पेपर शिकवताना या वर्षी मी ‘गृहिणीमित्र’मधली एक कृती वर्गात वाचायचे ठरवले आहे. तिची क्रियापदे कोणत्या रूपात येतात, वाचणारी कोण आहे असे ती गृहीत धरते, कोणता जिन्नस प्रत्येक घरात असेलच असे समजते, आणि कोणत्या घरात तो नसेल, एवढे चारच प्रश्न फळ्यावर लिहायचे आहेत.